पोचूच्या वाट्याची बीअर

या मंडळी, असे जरा पुढे सरका. मागच्यांना पंख्याचा वारा लागतो हे मला दिसतं आहे, पण वारा लागला की माणूस पेंगतो, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. हिच्यात देव आहे, दारू आहे, पोलीस आहेत, आणि एका सज्जन माणसाची यथासांग फजिती आहे. कीर्तनाला याहून वेगळं सामान काय लागतं? शेवटी मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. घाबरू नका, ताट फिरवणार नाही.

सोमाजी लेनगुरे वीज केंद्राच्या स्टोअरमधून निवृत्त झाले आणि ऊर्जानगरच्या गेटाबाहेर, धुराड्यांकडे तोंड करून, स्वतःचं घर बांधून राहिले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. तरुणपणापासून ते मंदिरातल्या कीर्तनात टाळकरी. आता टाळकरी म्हणजे काय, ते टाळकऱ्यालाच विचारावं. कीर्तनकार पुढे उभा राहून बोलतो, लोक त्याला हार घालतात, पाया पडतात; टाळकरी मागे उभा राहून त्याची पाठ पाहतो. सोमाजींनी इतक्या महाराजांच्या पाठी पाहिल्या होत्या की नुसत्या धोतराच्या काष्ट्यावरून ते महाराजांचा जिल्हा सांगत. मनात मात्र एकच होतं: एकदा तरी आपण पुढे असावं आणि आपली पाठ दुसऱ्या कोणी पाहावी.

यंदाच्या सप्ताहात तो योग आला. पाचव्या दिवशीच्या महाराजांना ऐनवेळी यायला जमेना. मंदिराचे अध्यक्ष गोपालभाऊ हे सोमाजींचे शेजारी, आणि नोकरीत असताना स्टोअरमधले त्यांचे साहेब. त्यांनी नागपूरपासून सिरोंच्यापर्यंत फोन लावून पाहिले. कोणीच मोकळं नव्हतं. तेव्हा बाहेरून माल आला नाही तर स्थानिक खरेदी करावी या स्टोअरच्या नियमाला धरून त्यांनी ते कीर्तन सोमाजींना दिलं. आपण स्थानिक खरेदीतले आहोत हे सोमाजींना कळत होतं. पण आनंद एवढा झाला की त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही.

त्या दिवसापासून घरात तालीम सुरू झाली. श्रोते म्हणून रुखमाबाई एकट्या. त्या निरूपणाच्या सुरुवातीला पिशवी घेऊन बाजारात जात आणि दृष्टांताच्या शेवटी भाजी घेऊन परत येत; सोमाजी डोळे मिटून बोलत असल्यामुळे त्यांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं असतं, कारण पुन्हा पहिल्यापासून सांगायला मिळालं असतं.

अशात एक दिवस रंजीता आली. रंजीता म्हणजे सोमाजींच्या धाकट्या भावाची मुलगी. ताडोब्याचा वाघ पाहून झाल्यावर पाहुण्यांनी संध्याकाळी काय करावं, हा प्रश्न तिला आणि तिची मैत्रीण दीपिका हिला पडला, आणि त्यातून दोघींनी लोकांना चंद्रपूर पायी फिरवायचा धंदा काढला. सकाळी परकोट, म्हणजे शहराची जुनी तटबंदी, आणि तिचे दरवाजे, संध्याकाळी 'बीअर वॉक'. म्हणजे शहरातले तीन-चार बार पायी पाहायचे, प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी घ्यायची, आणि एकाने माहिती सांगायची. हा माहिती सांगणारा नेमका अक्कलदाढ काढून आला होता आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं. रंजीताच्या डोळ्यांसमोर शहरात बोलणारी अशी दुसरी एकच व्यक्ती आली.

माळकऱ्याला बारात पाठवतेस का, असं सोमाजींनी तिला फार गंभीरपणे विचारलं. प्यायचं नाही, फक्त बोलायचं, असं ती म्हणाली. सोमाजी नाही म्हणाले. मग ती सहज म्हणाली की लोक दोन तास मुकाट ऐकतात.

"मधात कोणी उठत नाई?" सोमाजींनी विचारलं.

"उठून जातीन कुठी, काकाजी? त्याइले रस्ताच माहीत नसते."

कीर्तनाआधी परक्या माणसांपुढे एकदा तोंड मोकळं झालेलं बरं, आणि देव काही ठिकाण पाहून ऐकत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. रुखमाबाई आतून एवढंच म्हणाल्या, "तुमाले ऐकणारा माणूस भेटला, की तुमी त्याच्या मागं कुठीबी जासान."

तर संध्याकाळी जटपुरा गेटापाशी मंडळी जमली. अतुल आणि दिव्यानी हे पुण्याचं जोडपं, त्यांच्या बरोबरीचे आणखी काही जण, आणि या सगळ्यांत ओळखीचा चेहरा एक: कोलू पोटावी. कोलूने सारी नोकरी बॉयलरवर काढली. तो हातमोजे मागायला सोमाजींच्या खिडकीवर येई आणि सोमाजी त्याला जुने आणून दाखव म्हणत. तो मूळचा धानोऱ्याच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा. दीपिका ही त्याचीच लेक, आणि वाढदिवसाची भेट म्हणून तिने बापाला या फेरीत घातलं होतं. त्यांच्या गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी, त्यामुळे बापाने एकदा उजळ माथ्याने खुर्चीत बसून प्यावं अशी तिची इच्छा.

सोमाजींनी माहिती सांगायला सुरुवात केली, आणि इथेच पहिली गडबड झाली. माणूस सांगायला लागला की श्रोत्याने हातातलं खाली ठेवावं, ही त्यांची समजूत. त्यांनी पहिल्या बारात शिरल्या शिरल्या सगळ्यांना भरलेले पेले टेबलावर ठेवायला लावले आणि मग चंद्रपूरची बीअर समजावून सांगितली. इथला बार आतून काळोखा का, प्रत्येक टेबलाला पडदा का, पडद्याआडचा माणूस ओळखीचा निघाला तर खोकायचं की नाही. मध्यंतरी आपल्याही जिल्ह्यात बंदी आली तेव्हा लोक वर्धा नदी ओलांडून पलीकडे कसे जात, आणि पुलावर समोरासमोर आलेले दोन शेजारी एकमेकांना 'लग्नाला चाललो' असं कसं सांगत. बंदी उठली त्या दिवशी रांगेत उभे राहून लोक कसे रडले. हा सगळा भाग त्यांनी चालीत आणि हातवारे करून सांगितला. स्वतः थेंबही न पिता हे सारं कसं ठाऊक, असं अतुलने विचारलं. तेव्हा टाळकऱ्यांमध्ये सगळ्या प्रकारची माणसं असतात, असं उत्तर त्यांनी दिलं. लोक इतके रंगले, किंवा इतके सभ्य होते, की पेल्याला तोंड लावायचं कोणाला सुचेना. उन्हाळ्याचे दिवस. बीअर चहासारखी झाली. दुसऱ्या बारातही तेच.

फक्त कोलू पीत होता, पण त्याचीही एक रीत होती. पेल्याला तोंड लावण्याआधी डोळे मिटायचे, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि चार थेंब त्याच्या वाट्याचे खाली सोडायचे. त्याच्या गावात सगळेच असं करतात. कोलूचा बाप पोचू नुकताच वारला होता, तेव्हा थेंब पोचूचे. पहिल्या बारातल्या वेटरने फडकं आणलं आणि कोलूकडे असं पाहिलं की कोलू ओशाळला. दुसऱ्या बारातल्या वेटरने पायाशी एक वाटी आणून ठेवली.

तिसऱ्या बारात ते शिरले तेव्हा मालक बिरजू गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीपुढे दिवाबत्ती करत होता. दिवाबत्ती झाल्याशिवाय बाटली उघडत नाही, असा त्याचा नेम. बिरजूने सोमाजींची माळ पाहिली, बुक्का पाहिला आणि हात जोडून म्हणाला की महाराज आलेच आहेत तर आरती त्यांनीच म्हणावी.

महाराज. जन्मात पहिल्यांदा सोमाजींना कोणी महाराज म्हटलं होतं, आणि तेही कोणाच्या पाठीआडून डोकावताना नव्हे. त्यांनी आरती धरली. पडद्याआडून टाळ्या सुरू झाल्या. आचारी झारा वाजवू लागला. चकण्याची बशी घेऊन निघालेला वेटर बशीसकट उभा राहिला. सोमाजींचा आवाज असा लागला की त्यांचं त्यांनाच भरून आलं. आरती संपली, त्यांनी डोळे अर्धवट मिटले, आणि पुढचं जे झालं ते त्यांच्या हाताने केलं, सोमाजींनी नाही.

शेजारी कोलू उभा होता. आरती संपताच बिरजूने बाटली उघडली, फ्रीज बिघडल्यामुळे गरमच, आणि सगळ्यांआधी पहिला पेला त्याच्याच हाती दिला. कोलूने डोळे मिटले, पोचूचं नाव घेतलं आणि पेला तिरका केला. आता तुम्हीच सांगा, आरती संपली आहे, शेजारचा माणूस डोळे मिटून पुटपुटतो आहे आणि त्याच्या हातून धार सुटते आहे, तर जन्मभर देवळात वाढलेला माणूस काय करील? सोमाजींच्या उजव्या हाताचा खळगा झाला, डावा हात त्याखाली गेला, धार खळग्यात पडली, खळगा ओठांशी गेला, आणि ओला हात डोक्यावरून, शेंडीपर्यंत, फिरला.

आज तीर्थात गूळ कमी पडला, असं त्यांना प्रथम वाटलं. मग वाटलं की दही आंबलं असावं. मग त्यांनी डोळे उघडले.

कोलूनेही उघडले. त्याने खाली कोरडी फरशी पाहिली आणि सोमाजींचं ओलं डोकं पाहिलं.

"सोमाजीभाऊ," तो हळूच म्हणाला, "ते माह्या बापाचं होतं."

एवढंच. मग त्याने पेला टेबलावर ठेवला, आपला रुमाल खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला.

पुण्याच्या मंडळींना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दिव्यानीने स्वतःचा तळहात पुढे करून आपल्यालाही असंच हवं म्हणून सांगितलं. अतुलने फोटो काढला होता. तो रंजीताला फार आवडला आणि तिने आपल्या पानावर टाकला: 'स्थानिक पद्धतीने बीअरचा आस्वाद घेताना आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक.' सोमाजी घरी पोहोचण्याआधी तो फोटो मंदिराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचला होता. फोटो उत्तम होता. माळ अगदी ठळक आली होती.

दुसऱ्या दिवशी घरात बसायला जागा नव्हती. काढा घ्या, गोमूत्र घ्या, डोकं भादरा म्हणजे ओला झालेला भागच निघून जाईल, फोटोतला माणूस आपला चुलतभाऊ आहे म्हणून सांगा, असे सल्ले येत होते. रुखमाबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि नवऱ्याच्या डोक्याला चार वेळा शिकेकाई लावली. पाचव्यांदा सोमाजीच नको म्हणाले.

मग गोपालभाऊंनी सावली गावच्या महाराजांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे कोणाला नंतर शंका नको. सोमाजींना माळ याच महाराजांनी घातली होती. सोमाजींनी सगळं जसं झालं तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. महाराज रागावले असं सगळ्यांना वाटलं. पण नंतरच्या आवाजावरून ते फोन बाजूला धरून हसत असावेत.

"माळेले काई झालं नाई," महाराज म्हणाले. "आंघोळ करा, नाम घ्या. पन सोमाजी, ज्याच्या तोंडचं घेतलं त्याले आधी शांत करा. त्याच्याबिगर गादीवर उभे राहू नोका."

झालं. कीर्तन आणि सोमाजी यांच्यामध्ये आता एक मेलेला माणूस उभा राहिला. कोलूचा फोन लागेना. तो गावाकडे गेला होता. दीपिकाने सांगितलं की आजोबांच्या नावाने गावात सगे जमणार आहेत, आणि नेमका दिवस निघाला सप्ताहाचा पाचवा, म्हणजे कीर्तनाचाच. सकाळच्या गाडीने जायचं, पोचूचं देणं देऊन दुपारी परतायचं, संध्याकाळी गादीवर उभं राहायचं. हिशेबात बसत होतं.

आता देणं म्हणजे काय द्यायचं? इथे गोपालभाऊ आणि सोमाजी या दोघांची स्टोअरमधली हाडं जागी झाली. नारळ, तांदूळ, धोतरजोडी असं कोणी कोणी सुचवलं. गोपालभाऊंनी हात वर केला. "इश्यू झालेला आयटम रिटर्न करताना तोच लागते," ते म्हणाले. "बदली माल चालत नाई. व्हॉल्व्ह नेला तर व्हॉल्व्हच पाहिजे, त्याच्या जागी नळी नाई चालत." सोमाजींनी मान डोलावली. जन्मभर त्यांनी याच नियमाने लोकांना खिडकीवरून परत पाठवलं होतं, त्यात कोलूही होता. बीअर घेतली, बीअरच द्यायची. गडचिरोली जिल्ह्यात बीअर न्यायला बंदी आहे ही गोष्ट दोघांच्याही लक्षात होती. पण तो वाहतुकीचा प्रश्न झाला, स्टोअरचा नव्हे.

बीअर शॉपीपुढे रांग होती. सोमाजी टोपी कपाळावर ओढून उभे राहिले, तेव्हा पुढच्याने आपुलकीने मागे वळून सांगितलं की महाराज, तुम्ही समोर या. आणि अख्खी रांग बाजूला झाली. कोणता ब्रँड, असं दुकानदाराने विचारलं. तोच माल द्यायचा तर ब्रँडही तोच हवा. सोमाजींना नाव माहीत नव्हतं, चव माहीत होती. आधी कडू, असं ते म्हणाले. सगळ्याच कडू असतात, असं दुकानदार म्हणाला. मागून जरा शिळ्या पावासारखी लागते, असं सोमाजींनी डोळे मिटून, आठवून सांगितलं. मग रांगेतल्या मंडळींनी विषय हातात घेतला. एक म्हणाला माइल्ड, दुसरा म्हणाला स्ट्राँग, तिसऱ्याने कपाळाला चढायला किती वेळ लागला असं विचारलं. शेवटी बहुमताने एक डबा ठरला. थंड देऊ का, या प्रश्नावर सोमाजी म्हणाले, "गरमच द्या. तेव्हाही गरमच होती."

पाचव्या दिवशी सकाळी ते लाल गाडीत बसले. पिशवीत टाळ, चिपळ्या, संध्याकाळच्या कीर्तनाचं धोतर, आणि धोतरात गुंडाळलेला डबा. मूलचा थांबा गेला, सावलीचा आला. सावलीला त्यांनी खिडकीतूनच महाराजांच्या गावाला नमस्कार केला आणि पिशवी पायाआड सरकवली. वैनगंगेच्या पुलापाशी, जिथून गडचिरोली जिल्हा लागतो, गाडी थांबली. हवालदार चढला आणि एकेकाची पिशवी दाबत आला.

सोमाजींनी रात्रभर विचार करून ठेवला होता की काही बोलायचं नाही. पण गळ्यातली माळ आणि तोंडातली जीभ यांचं त्यांच्याकडे जुनं साटंलोटं होतं. हवालदाराने काय आहे म्हणून विचारलं आणि त्यांच्या तोंडून गेलं, "टाळ आहे, चिपळ्या आहे, आन् बीअरचा एक डबा आहे."

गाडीतली माणसं हसली. हवालदारही हसला. "महाराज मोठे गमत्ये आहेत," असं म्हणून तो त्यांच्या पायाला हात लावून मागे गेला.

सोमाजींना हे फार लागलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याला खाली उतरवलं असतं. म्हणजे आपलं तोंड असं आहे का, की आपण गुन्हा कबूल केला तरी तो विनोद ठरावा? ते उठले, खाली उतरले, आणि टिनाच्या शेडखाली बसलेल्या जमादारांना त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. जमादार आधी मनमुराद हसले, मग खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले की वडील कीर्तनकार होते, आता या ड्युटीमुळे कुठे ऐकायला मिळत नाही. गाडीला अजून वेळ आहे, एक अभंग होऊ द्या. पिशवी त्यांनी स्वतः उचलून आदराने जीपच्या बॉनेटवर ठेवली. आपल्याकडचा मे महिना, दुपारकडे झुकलेलं ऊन आणि जीपचं बॉनेट. त्यावर पापड भाजले असते.

खरं म्हणजे सोमाजींनी तेव्हाच पिशवी उघडून दाखवायला हवी होती. पण समोर ऐकायला तयार असलेली सहा माणसं होती, आणि त्यांच्यापैकी कोणी उठून जाणार नव्हतं, कारण त्यांची ड्युटी होती. सोमाजींनी टाळ काढला आणि अभंग धरला. मग निरूपण धरलं. गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि तो गाडी घेऊन निघून गेला. सोमाजी दृष्टांताच्या ऐन उंचवट्यावर होते. संसाराच्या तापाने जीव कसा फुगत जातो हे दोन्ही हातांनी दाखवत होते, तेवढ्यात बॉनेटवर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

पिशवी उडी मारून खाली पडली. धोतरातून फेस निघाला, चिपळ्यांवरून वाहिला आणि पुलाच्या धुळीत जाऊन मुरला. सगळीकडे एकच वास सुटला.

आता आली पंचाईत. आत्तापर्यंत जो विनोद होता तो गुन्हा झाला, आणि गुन्हा जमिनीत मुरला. काय जप्त करायचं, असं हवालदाराने विचारलं. डबा फाटलेला, त्यात काहीच नाही. धोतर जप्त करावं तर ते पिळून मोजायचं कसं? शिवाय पंच कुठून आणायचे? गाडी तर गेली होती. जमादारांनी कपाळाला हात लावला आणि सोमाजींना हे सारं कशासाठी म्हणून विचारलं. सोमाजींनी सांगितलं. आरतीपासून सांगितलं. जमादारांनी टोपी घातली, चांगली दहा मिनिटं झापलं, पुन्हा या पुलावर असलं काही घेऊन दिसलात तर माळ पाहणार नाही असं बजावलं, आणि धानोऱ्याकडे जाणाऱ्या काळीपिवळी जीपला हात केला.

गाडीत पाय ठेवताना सोमाजी थबकले. ऊन कलायला लागलं होतं. आत्ता उलट दिशेची गाडी धरली तर संध्याकाळी ऊर्जानगर गाठता येत होतं. पण कसलं तोंड घेऊन गादीवर उभं राहायचं? आणि पुढे गेलं तर हातात देण्यासारखं काही नाही, वर अंगाला हा वास. दोन्हीकडे लाजच होती. त्यातल्या त्यात कमी लोकांपुढची लाज बरी, म्हणून ते काळीपिवळीत बसले. हे असं त्यांनी मागाहून सांगितलं. मला विचाराल तर कोलूचा तो निघून जाताना दिसलेला खांदा त्यांना झोपू देत नव्हता.

गावात मांडवाखाली माणसं बसली होती. कोलूने त्यांना पाहिलं, त्यांचा वास घेतला, आणि त्याला काही कळेना. त्याने जोहार केला आणि आपल्या आईपुढे नेलं. बुधरीबाई वाकलेली, पण डोळे लखलखीत. सोमाजींनी हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. आरती, तळहात, फोटो, स्टोअरचा नियम, रांग, पूल, जमादार, स्फोट. तिला मराठी फारशी कळत नव्हती, म्हणून कोलू गोंडीत सांगत होता. त्यामुळे झालं असं की मांडवातले काही जण आधी हसत आणि बाकीचे थोड्या वेळाने. प्रत्येक ठिकाणी सोमाजींची फजिती दोनदा होत होती. कोलू सांगता सांगता स्वतःच मध्ये थांबू लागला, कारण त्यालाही हसू आवरेना.

शेवटी बुधरीबाई काहीतरी म्हणाली आणि मांडवातली सगळी माणसं एकदम हसली.

"काय म्हनते?" सोमाजींनी विचारलं.

"म्हनते, माह्या बापानं जन्मात बीअर पाह्यली नाई," कोलू डोळे पुसत म्हणाला. "मोहाचीबी म्हातारपनी सोडली होती. तुमी पेले ते बरं केलं म्हनते. त्यानं थुकली असती."

मग काय द्यायचं त्याला, असं सोमाजींनी विचारलं. बुधरीबाईने चुलीकडे बोट केलं. पोचूला हवा असायचा चहा. कोरा, आणि दोन माणसांच्या साखरेचा. साखर कमी पडली की तो कपाकडे पाहून त्याच्याशीच भांडायचा. चहा आला. बुधरीबाईने तो सोमाजींच्या तळहाताच्या खळग्यात ओतला, हात पोळला, आणि ती सांगेल तिथे त्यांनी तो जमिनीवर सोडला. तिने आपल्या नवऱ्याला काही सांगितलं. ते कोलूने सांगितलं नाही, आणि सोमाजींनी विचारलं नाही.

आता निघायला हवं होतं. कोलूनेच आठवण केली की धानोऱ्याहून शेवटची गाडी आहे, त्याचा जावई मोटरसायकलने सोडील. सोमाजी उठले. पण याच्या बापाच्या वाट्याचं आपण प्यायलो, तर तो बाप कोण होता हे तरी ऐकून जावं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी सहज विचारलं, "कसे होते तुहे बाबूजी?"

मग मांडवातली माणसं सांगायला लागली. पोचू विनोद संपायच्या आधीच हसायचा, त्यामुळे त्याला कोणी विनोद पुरा सांगू शकलं नाही. उधार नेलेली कुऱ्हाड परत करायचा नाही, पण मागायला आलेल्याला जेवू घालायचा. आपल्या बैलांना सासरच्या माणसांची नावं द्यायचा, आणि त्यावरून बुधरीबाई एकदा माहेरी निघून गेली होती. वाघाला भ्यायचा नाही, बेडकाला भ्यायचा. कोलूला आश्रमशाळेत घातलं तेव्हा त्याला खांद्यावर बसवून जंगलातून घेऊन गेला, आणि परत येताना पोराला दिसू नये म्हणून झाडाआडून रडत आला. पण झाड बारीक होतं, पोराला सगळं दिसलं. आणि कोलूची नोकरी पाहायला एकदा ऊर्जानगरला आला, तेव्हा धुराड्यांकडे बराच वेळ मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "एवढा धूर तुमी काढता, आन् माह्या घरचा बल्ब काऊन नाई पेटत?"

सोमाजी पुन्हा बसले होते, कधी ते त्यांना आठवत नाही. खिशातला फोन वाजला. गोपालभाऊ. सोमाजींनी तो बंद करून ओल्या धोतराखाली ठेवला. कोलूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सांगत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, मंडळी, की सोमाजी लेनगुरे सबंध संध्याकाळ एक शब्द बोलले नाहीत. कोणी पाठ करून उभं नव्हतं. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे होती, आणि बोलत होते ते दुसरेच.

इकडे ऊर्जानगरला कीर्तन झालं नाही. मंडळींनी नुसतं भजन केलं, लवकर घरी गेली, आणि यंदाचा पाचवा दिवस फार छान झाला असं सगळ्यांचं मत पडलं. सोमाजी अजून टाळकरीच आहेत. पुढच्या वर्षीच्या गादीबद्दल गोपालभाऊ काही बोलत नाहीत, आणि सोमाजींनीही अजून विचारलेलं नाही. रुखमाबाईंचं म्हणणं असं की विचारतील, थोडा दम धरा.

तर माझं मागणं एवढंच. आता आरती होईल, तीर्थ येईल, तुमच्या हाताचा खळगा आपोआप होईल. तो ओठांशी नेण्याआधी, बैलांना सासरच्यांची नावं देणारा एक म्हातारा धानोऱ्याच्या पलीकडे होऊन गेला, त्याचं नाव एकदा मनात घ्या. पोचू पोटावी. आणि घरी गेल्यावर कधी कोरा चहा केलात, तर त्याच्यासाठी साखर जरा जास्त टाका.